सरपंच की नवा वतनदार?

वंशपरंपरेची पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली. पण तिची ऐट काही सरपंचांच्या अंगात अद्याप शिल्लक आहे. आमच्या तालुक्यातील एका गावी विहिरीच्या दुरुस्तीचा हिशेब विचारणाऱ्या कुंभारास "तू कोण विचारणारा?" असे ऐकावे लागले. कोण म्हणजे? घरपट्टी भरणारा, ग्रामसभेचा सभासद!

1958 च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे पंचायतीने ठराव करावा व सरपंचाने तो अंमलात आणावा. आपणच ठराव, आपणच पंचायत असे म्हणण्याची मुभा त्यास कोणी दिली? गैरवर्तन अगर कर्तव्यात हयगय झाल्यास कलम 39 प्रमाणे जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात व विभागीय आयुक्त त्यास पदावरून काढू शकतात. सबब शेतकरी बंधुभगिनींनो, पारावर कुरकुरणे पुरे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

मात्र बाई किंवा दलित खुर्चीवर बसताच ज्यांना एकाएकी कायदा आठवतो, त्यांनी आमच्या पाठिंब्याची आशा धरू नये. जळगाव जिल्ह्यातील एका महिला सरपंचास अतिक्रमणाच्या तक्रारीवरून अपात्र ठरविले होते. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला आणि तक्रारदारांचा खरा पोटशूळ बाईच्या सरपंचपदाचा होता, हेही ओळखले.