फ्यूज उडाला? आधी त्याचं ऐका

महूला पोस्टिंग होतं तेव्हाची गोष्ट. शेजारच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार साहेब राहत, मूळचे गढवालचे. त्यांची पांढरी ॲम्बेसेडर होती आणि नात रोज तिच्यातूनच शाळेत जायची. जुना फ्यूज बॉक्स गंजला म्हणून साहेबांनी इंदूरहून नवा, पात्याच्या फ्यूजचा बॉक्स आणला. त्याच आठवड्यात मागच्या बाजूला रंगही मारून घेतला. झालं, तिथून दुखणी सुरू झाली. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद व्हायचा, टेल लॅम्प लुकलुकायचा आणि ब्रेकलाइटचा फ्यूज वारंवार उडायचा. शेवटी कुणीतरी सल्ला दिला, "साब, पैंतीस का डाल दो, झंझट खतम."

टाकला. फ्यूज उडायचा थांबला. चार दिवसांनी नात म्हणाली, "दादाजी, रबर जलने की बू आ रही है."

रविवारी सकाळी गाडी माझ्या दारात उभी. मी वर्कशॉपमधला माणूस, त्यामुळे सुट्टी गेलीच.

मंडळी, फ्यूज म्हणजे संतरी. रात्री संतरी ओरडला तर आपण त्याचं तोंड दाबत नाही, कोण आलंय ते बघतो. मोठा फ्यूज घालणं म्हणजे संतऱ्याला झोपायला सांगणं. मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि मागे तर पेट्रोलची टाकी असते.

त्या 35 आकड्याचीही गंमत आहे. लुकास पद्धतीच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर 35 लिहिलेलं असतं, पण तो उडण्याचा आकडा. सतत वाहू द्यायचा करंट साधारण 17 अँपिअरच. पात्याच्या फ्यूजवर मात्र सतत पेलायचा आकडा छापतात. म्हणजे 35 च्या जागी 35 घातला की संरक्षण निम्म्यावर आलं. तिथे 15 किंवा फार तर 20 चा हवा. एकट्या ब्रेकलाइटला तर 10 चा पुष्कळ झाला.

पहिलं काम केलं अर्थ तपासण्याचं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थला, दुसरं टेल लॅम्पच्या बॉडीला लावलं आणि साहेबांना ब्रेक दाबायला सांगितलं. 0.2 व्होल्टच्या आत दिसायला हवं होतं, दिसलं एकच्या वर. लॅम्पखाली नवा रंग बसला होता! रंग खरवडून बोल्ट आवळला आणि लुकलुक थांबली. नव्या बॉक्सचा यात काडीचा दोष नव्हता.

मग शॉर्ट शोधला. ब्रेकचे दोन्ही बल्ब काढले आणि फ्यूजच्या जागी 21 वॅटचा बल्ब जोडला. शॉर्ट असला तरी या बल्बमधून दोन अँपिअरपेक्षा कमीच करंट जातो, वायर तापत नाही. ब्रेक दाबताच बल्ब लख्ख पेटला. मी वायरिंग इंच इंच हलवत मागे गेलो. डिकीच्या बिजागरीपाशी वायर उचलली आणि बल्ब विझला. तिथे पत्र्याच्या कडेला घासून वायरचं आवरण गेलं होतं. तेवढा तुकडा बदलला, वर रबरी नळी चढवली.

आपल्याकडे जुगाडाचं फार कौतुक. मलाही आहे. लेहच्या वाटेवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी फ्यूजला गुंडाळून मी गाडी खाली आणलेली आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर्कशॉपमध्ये लिहून दिलं आणि चांदी काढली. जुगाड गाडी तळावर आणण्यापुरता असतो. घरी आल्यावरही तो तसाच ठेवला तर त्याला हुशारी म्हणू नये, आळस म्हणावं.

म्हणून माजी सैनिक बंधूंना एकच विनंती. बॉक्स काढण्याआधी फोटो घ्या, प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधा. नवा बसवल्यावर एकेक फ्यूज घालून एकेक सर्किट तपासा. काही बिघडलं तर आधी अर्थ बघा, मग वायर, आणि बॉक्सला दोष सगळ्यात शेवटी द्या.

साहेबांच्या गाडीत त्या दिवशी 10 चा फ्यूज घातला. माझी बदली होईपर्यंत तो उडाला नाही, आणि नात त्याच गाडीतून शाळेत जात होती.

जय हिंद!