वॅटपूजक आणि यंत्रनिंदक

घरच्या स्पीकरांना कोणता अ‍ॅम्प्लिफायर जोडावा, असा प्रश्न मी काही दिवसांपूर्वी आमच्या प्राध्यापक मंडळींच्या बैठकीत काढला. विज्ञान शाखेचे एक स्नेही तत्काळ म्हणाले, "सर, जास्त वॅटचा घ्या, पुढे कमी पडायला नको." आणि मराठीच्याच एका ज्येष्ठ अध्यापकांनी डोळे किंचित मिटून सांगितले की, गाणे ऐकायला कान लागतो, यंत्र नव्हे. पहिल्या उत्तरातले अज्ञान साधे आहे, अर्ध्या तासात दूर होण्याजोगे. दुसरे उत्तर मात्र ज्ञानाचा वेश घेऊन वावरते, आणि ते आपल्या म्हणजे साहित्याच्याच घरात लहानाचे मोठे झाले आहे. म्हणून या लेखाचा रोख मुख्यतः त्याच्याकडे आहे.

हे वाक्य कोणाला परवडते, ते आधी पाहू. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो. तिथल्या मांडवात बसणाऱ्याला यंत्राविषयी बेफिकीर राहता येते (वास्तविक त्या मांडवातही हजारो श्रोते गाणे ऐकतात ते ध्वनियंत्रणेतूनच, पण असो). नांदुऱ्याहून पुणे चारशे किलोमीटरांहून दूर आहे. आमचे गाव मुंबई-हावडा लोहमार्गावर असल्यामुळे नागपूरच्या मैफलींना निघालेले कलावंत आमच्या स्थानकावरून अनेकदा गेले असतील, बहुधा झोपेत. कुमार गंधर्व १९९२ मध्ये गेले, भीमसेन जोशी २०११ मध्ये, किशोरी आमोणकर २०१७ मध्ये. आज माझ्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याला या तिघांना ऐकण्याचा एकच मार्ग उरला आहे, आणि तो तांब्याच्या तारेतून जातो. त्याच्यासाठी यंत्र हे मैफलीचे वर्णन नव्हे, तीच मैफल आहे. त्याला "यंत्र गौण" असे सांगणे म्हणजे ग्रंथालय नसलेल्या गावातल्या मुलाला पुस्तक गौण असल्याचे सांगण्यासारखे आहे.

आपण पाठचिकित्सा शिकवतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची आपली प्रत छापली, तेव्हापासून एका ओवीच्या एका रूपावरून आपण पिढ्यानपिढ्या वाद घातले आहेत, आणि ते घालणे योग्यच होते. मुद्रणदोषांनी भरलेल्या प्रतीवरून कवितेच्या लयीविषयी लिहिणाऱ्याला आपण समीक्षक म्हणणार नाही. मग आवाजाचा पोत, स्वराचा लगाव, तंबोऱ्याची जवारी या शब्दांची उधळण करणारा आपला लेखक ते सारे कशावरून ऐकतो, हा प्रश्न असंस्कृत कसा ठरतो? जवारीचे सौंदर्य तिच्या वरच्या स्वरांशांत असते. ते जिथे पोचतच नाहीत, तिथे ऐकू येते ते नुसते गुणगुणणे. वामनराव देशपांड्यांचे 'घरंदाज गायकी' १९६१ साली आले आणि गाण्याविषयी मराठीत किती बारकाईने लिहिता येते, हे कळले. ऐकण्याच्या साधनाविषयी तितक्या बारकाईने लिहावे असे मात्र आपल्याला वाटले नाही. आपली भाषाच याची साक्ष देते. कार्यक्रमपत्रिकेत आपण 'ध्वनिक्षेपकाची सोय' असे लिहितो तेव्हा माइक, अ‍ॅम्प्लिफायर आणि भोंगा हे तिन्ही एकाच शब्दात कोंबतो. मांडववाला निदान अ‍ॅम्प्लिफायरला 'मशीन' हे वेगळे नाव तरी देतो.

त्या मशीनचीच एक हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, एका ज्येष्ठ कवीच्या स्वतःच्या आवाजातले काव्यवाचन ऐकवायचे ठरले. करंदीकर, बापट, पाडगावकर यांनी गावोगाव जाऊन कविता वाचल्या, ते दिवस आता परत येणार नाहीत, निदान मुद्रित आवाज तरी मुलांच्या कानी पडावा, हा हेतू. मी घरचे स्पीकर नेले. मशीन भाड्याचे होते. अशा मशीनच्या पाठीला चार, आठ, सोळा ओहमची टोके असतात आणि लांबवरच्या भोंग्यांसाठी शंभर व्होल्टचे एक वेगळे टोक असते. भोंग्याच्या पोटात त्यासाठी छोटा ट्रान्स्फॉर्मर बसवलेला असतो, घरगुती स्पीकरात तो नसतो. सकाळी मैदानावरचे भोंगे ज्या टोकाला होते, त्याच टोकाला दुपारी माझे स्पीकर लागले. कवीने पहिली ओळ उच्चारली आणि सभागृहात काहीतरी फाटल्यासारखे झाले. "आवाज वाढवा" असे व्यासपीठावरून सांगण्यात आले. तो वाढवला गेला. दुसऱ्या कवितेपर्यंत जळका वास आला आणि ट्वीटर गेले. पुढची वीस मिनिटे व्यंजने नसलेली मराठी ऐकू येत होती. स, श, त, च नाहीसे झाले, उरला एक घोगरा घुमारा. कार्यक्रमानंतर प्रथम वर्षाच्या एका मुलीने मला विचारले, "सर, हे कवी इतके का ओरडतात?" तो कवी आयुष्यात कधी ओरडला नव्हता. आणि माझ्या शेजारी बसलेले, गाण्याला कान लागतो म्हणणारे, टाळ्या वाजवत होते.

चूक त्या ऑपरेटरची नव्हती. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. सांगण्याची जबाबदारी ज्यांची होती ते आम्ही, म्हणजे मीसुद्धा, मशीनच्या पाठीकडे पाहणे आपल्या पदाला शोभत नाही असे मानत होतो.

व्हॉल्व्हच्या रेडिओत हा प्रश्नच नव्हता. त्या लाकडी पेटीत अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांचे लग्न कारखान्यातच लागलेले असे. १९५२ साली आकाशवाणीवर सुरू झालेली शनिवार रात्रीची संगीतसभा माझ्या वडिलांनी अशाच पेटीतून वर्षानुवर्षे ऐकली, आणि ओहम हा शब्द त्यांना कधी लागला नाही. दोन पेट्या वेगळ्या झाल्या आणि पत्रिका जुळवण्याचे काम ग्राहकावर आले. तिथे आपला समाज छत्तीसपैकी एकच गुण पाहतो: वॅट. आमचे गाव एका आकड्यासाठी ओळखले जाते, महामार्गावरच्या १०५ फुटी हनुमानासाठी. उंचीचा आकडा मूर्तीला शोभतो. अ‍ॅम्प्लिफायरवरचा आकडा बहुधा तिला घातलेल्या हारासारखा असतो, वजनाला काही न लागणारा. ज्या खोक्यावर पुढे 'पीएमपीओ' म्हणून हजार-बाराशे वॅट छापलेले असत, त्याच यंत्राच्या पाठीवर वीज खर्चाचा आकडा वीस-पंचवीस वॅट असे. पंचवीस वॅट खाऊन बाराशे वॅट देणारे यंत्र म्हणजे चमत्कार, आणि चमत्काराला आपण नमस्कार केला.

पाहायचे ते असे. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, ती त्याची संवेदनशीलता. (आपल्या समीक्षेत हा शब्द इतका झिजला आहे, इथे निदान तो मोजता येतो.) घरगुती स्पीकरांत ती साधारणतः ८३ ते ९३ असते. हे दहाचे अंतर किरकोळ नव्हे, दहा डेसिबल म्हणजे दहापट शक्ती. ९३ च्या स्पीकरातून दहा वॅट जो आवाज काढतील, त्याच आवाजासाठी ८३ च्या स्पीकरला शंभर वॅट लागतील. उलट वॅट दुप्पट केले तर भर पडते अवघ्या तीन डेसिबलची. बारा बाय दहाच्या खोलीत ८७ च्या स्पीकरांसमोर बसून ख्याल ऐकताना बहुतेक वेळ एका वॅटहून कमी शक्ती खर्च होते, तबल्याची थाप वा तानेचा उठाव तेवढा क्षणभर काही वॅट मागतो. तो क्षण निभावणारे प्रामाणिक तीस वॅट पुरेसे असतात. प्रामाणिक म्हणजे सलग देता येणारे, आरएमएस म्हणून सांगितलेले.

मग ओहम. चार ओहमचा स्पीकर आठच्या तुलनेत तेवढ्याच व्होल्टेजला दुप्पट प्रवाह ओढतो. ट्रान्स्फॉर्मर बारीक असेल तर अ‍ॅम्प्लिफायर तापतो, धापा टाकतो. आठ ओहमच्या दोन जोड्या समांतर जोडणारे सद्गृहस्थ नकळत चार ओहमच करून ठेवतात. आणखी एक भ्रम असा की, लहान अ‍ॅम्प्लिफायरने स्पीकर जळत नाही. जळतो. कुवतीबाहेर ताणलेला अ‍ॅम्प्लिफायर ध्वनिलहरींचे माथे छाटतो, त्यातून नसलेले तीव्र स्वर उपजतात आणि पहिला बळी ट्वीटरचा जातो. विजेचा दाब हाही आमच्याकडे जुळणीचाच भाग. एका उन्हाळ्यात संध्याकाळी मी घरचा दाब मोजला, २३० ऐवजी १८० निघाला. साध्या अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे छापील तीस वॅटांचे अठरा-एकोणीसच उरतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याने केलेली शिफारस नांदुऱ्यात जशीच्या तशी लागू का पडत नाही, त्याचे हे एक कारण.

लाखाची तार विकत घेऊन तिच्यातून "हवा" ऐकणारा एक तिसरा पंथही आहे. त्याच्याशी माझे वैर नाही, फक्त त्याने आमच्या बाजूने बोलू नये. यंत्रनिंदकांना त्याचेच उदाहरण फेकायला सोपे जाते. जुळणी हा पैशाचा प्रश्न नाही, स्पीकरच्या पाठीवरची पट्टी वाचण्याचा आहे. वाचण्याचा पगार आपण घेतोच.

त्या स्पीकरांना मी नवे ट्वीटर बसवून घेतले आहेत. सोबत पस्तीस वॅटचा एक जुना, वापरलेला अ‍ॅम्प्लिफायर आहे, आठ ओहमला सरळ बोलणारा. येत्या २७ फेब्रुवारीला तो मी घरूनच नेणार आहे, आणि तारही माझीच असेल. ती मुलगी आता एम. ए.ला आहे, तिला पहिल्या रांगेत बसायला सांगितले आहे.