चिमणी आणि गिधाड : एक जमाखर्च



"पूर्वी चाळीत चिमण्याच चिमण्या होत्या, आता दिसत नाहीत," ही हळहळ घरोघरी ऐकू येते. गिधाड दिसत नाही म्हणून हळहळणारा मात्र मला अजून भेटलेला नाही. मी पेशाने कारकून. म्हटले, दोघांचाही जमाखर्च मांडून पाहू.

आधी चिमणी. सिमेंटच्या इमारतींत घरट्याला जागा नाही, पिल्लांना भरवायला किडे नाहीत. म्हणून मोठ्या शहरांत ती कमी झाली. पण २०२० च्या देशव्यापी पक्षी-अहवालानुसार देशात तिची संख्या साधारण स्थिर आहे. जागतिक लाल यादीत ती सर्वांत कमी काळजीच्या गटात आहे. वर्षातून दोन-तीनदा ती अंडी घालते, दर वेळी तीन ते पाच. तूट भरून निघू शकते.

आता गिधाड. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारातील ९९९ नाहीशी झाली. २००० पासून ती अतिसंकटग्रस्त गटात आहेत. मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षे लागतात. इथे तूट कशी भरणार?

कारण २००४ मध्ये उघड झाले. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक देत. औषध दिलेले जनावर लवकरच मेले, तर ते अंगात शिल्लक राही. ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही आली.

गावाबाहेर ओढून टाकलेले ढोर गिधाडांचा थवा बघता बघता साफ करी. गिधाडे गेली, ढोरे कुजू लागली, मोकाट कुत्री वाढली, पाण्यात घाण गेली. २००० ते २००५ या काळात त्यामुळे सुमारे पाच लाख माणसे जास्त दगावली, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे.

तरीही गिधाड घरावर बसले की अशुभ! घाण साफ करणाऱ्यालाच अशुभ म्हणायची ही खोड आपल्याला नवी नाही. गावकुसाबाहेर आपल्या वाडवडिलांनी ती सोसली आहे.

चिमणीसाठी वळचणीला खोके जरूर टांगा. पण गावी गुरे असतील तर घरच्यांना एवढे बजावा : माणसांचे डायक्लोफिनॅक गुरांना टोचू नका. डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडांना बाधत नाही.