बियाणे घरचे हवे

जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या कंपनीच्या कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती एकाएकी बंद पडली. गुजरातमधील वाडिनार येथे या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादताच मायक्रोसॉफ्टने आपल्या सेवा रोखल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. प्रकरण मिटले, पण त्याने दिलेला इशारा विसरण्याजोगा नाही. कारखाना आपल्या भूमीवर, निर्बंध आपल्या शासनाचे नव्हेत, तरीही कळ फिरली ती सातासमुद्रापलीकडून!

येथे रोखली गेली ती वरच्या थरातील सेवा. तिच्याही खाली संगणकाची कार्यप्रणाली असते. यंत्र जागे करणे, स्मृतीची वाटणी करणे, एकाच वेळी चाललेल्या अनेक कामांना प्रक्रियकाचा वेळ नेमून देणे, फायली सांभाळणे हे सारे ती करते. हा पायाच आपल्याला अनोळखी असेल, तर वरच्या मजल्यांच्या स्वदेशीपणाला कितीसा अर्थ उरतो?

यावर स्वदेशी कार्यप्रणालीची घोषणा हे उत्तर ठरीव झाले आहे. सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ आणली. ती डेबियनवर आधारलेली. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाची ‘माया’ आली. ती उबुंटूवर उभी. हे प्रयत्न उपयुक्त आहेत आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तयार वास्तूला आपला रंग देणे निराळे आणि पाया खणण्याची विद्या अंगी असणे निराळे.

ही विद्या कोठून येते, याचे उत्तर इतिहासात आहे. १९८७ मध्ये अॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी युनिक्सच्या धर्तीवर ‘मिनिक्स’ ही छोटी कार्यप्रणाली लिहिली. ती अभ्यासणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये निव्वळ छंद म्हणून स्वतःची प्रणाली रचायला घेतली. तीच आजची लिनक्स.

त्याच १९९१ मध्ये पुण्यात ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. अमेरिकेने हवा तो महासंगणक देण्याचे नाकारले, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने आपले उत्तर दिले. वऱ्हाडाने अभिमान बाळगावा असाच हा पराक्रम आहे. मात्र आजचे परम महासंगणक चालतात ते लिनक्सवर. यंत्र बांधण्याची जिद्द आपण दाखवली; त्या यंत्राचा प्राण मात्र एका परदेशी विद्यार्थ्याच्या छंदातून आला. यात लाज वाटण्याजोगे काही नाही, शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

शिकण्याची साधने आज सर्वांना खुली आहेत. अमेरिकेच्या एमआयटीने २००६ मध्ये जुन्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवरून ‘एक्सव्ही-६’ ही अध्यापनाची प्रणाली घडवली. लिनक्सच्या गाभ्यात कोट्यवधी ओळी आहेत, तर हिच्यात दहा हजारांहून कमी. एक विद्यार्थी एका सत्रात ती समजून घेऊ शकतो. पवईच्या आयआयटीत ती शिकवली जाते. कालिकतच्या एनआयटीने तर ‘एक्सपॉस’ हा स्वतःचा उपक्रम रचला असून त्यात विद्यार्थी पायरीपायरीने संपूर्ण प्रणाली उभारतो. संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवून हे सारे करता येते. यंत्र बिघडण्याचे भय नाही, खर्च असलाच तर चिकाटीचा.

जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावी चित्र काय आहे? २००१ पासून एमएस-सीआयटीने गावोगावी संगणक पोहोचवला, हे त्याचे श्रेय मान्यच आहे. पण संगणक शिकणे म्हणजे परक्याची खिडकी उघडणे आणि मिटणे, एवढाच अर्थ आपल्या मनात रुजला. आमच्या भागातील मुले पुढे शेगावला अभियांत्रिकी शिकतात, पुण्याला नोकरीस जातात. बुद्धीत ती हेलसिंकीच्या विद्यार्थ्याहून उणी नाहीत. उणीव आहे ती ‘हे मुळापासून करून पाहा’ असे सांगणाऱ्या शिक्षकाची.

कोणी म्हणेल, लिनक्स फुकट मिळत असता पुन्हा चाक कशाला घडवायचे? याचे उत्तर आमचा कापूस पिकवणारा शेतकरी देईल. संकरित बियाणे दुकानातून आणण्यास त्याची हरकत नव्हती. पण बोंडे निवडून घरचे बी राखण्याची विद्या घरातून गेली, तेव्हा दरवर्षी दुकानदारासमोर हात पसरणे नशिबी आले. विद्यार्थ्याची छोटी प्रणाली बाजारात विकली जाणार नाही, तिने विंडोजला हटवावे अशीही अपेक्षा नाही. तिच्यातून घडेल तो जाणकार. उद्या बॉस वा माया यांच्या गाभ्यात दोष निघाला, तर तो हुडकणारा माणूस आपल्याच घरात असेल.

म्हणून विदर्भातील प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाने अंतिम वर्षाचा एक तरी प्रकल्प या कामी द्यावा, आणि तो विकत आणलेला नसावा. जाणकारांनी या विषयाची सोपी मराठी पुस्तिका लिहावी. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ हा प्रक्रियक रिस्क-व्ही या खुल्या आज्ञासंचावर घडला आहे, आणि एक्सव्ही-६ची नवी आवृत्तीही त्याच आज्ञासंचासाठी आहे. आपल्या प्रक्रियकावर आपल्या विद्यार्थ्याने लिहिलेली प्रणाली चालावी, हे आता स्वप्नरंजन राहिलेले नाही. स्वावलंबनाची घोषणा दिल्लीत होईल. त्याचे बियाणे मात्र तालुक्याच्या गावीच राखावे लागेल.