यादीचा भाव

"एक लाख उद्योजकांचे नंबर, फक्त काही शे रुपयांत!" अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. नगावर भाव लावला की माल कसा असणार, ते वेगळं सांगायला नको. बंद पडलेली दुकानं, बदललेले नंबर, एकच माणूस तीनदा. आणि तीच फाईल हजार जणांना विकलेली!

माझ्या मते पैसे नावांचे नसतातच, निवडीचे आणि पडताळणीचे असतात. कोर्टाचाही कल साधारण तिकडेच दिसतो. टेलिफोन डिरेक्टरीतल्या अकारविल्हे नावांवर कॉपीराइट नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९१ साली फाइस्ट खटल्यात सांगितलं. संकलनाला नुसती मेहनत पुरत नाही, कौशल्य आणि विवेकही लागतो, हे आपल्या सुप्रीम कोर्टाने २००७ साली ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात म्हटलं.

पण मंडळी, यादीतल्या माणसाचं काय? आपल्याकडे छोट्या दुकानाचा नंबर तोच घरचा नंबर. स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा लागू होत नाही, हे खरं. तरी दुकानदार पाटीवर नंबर लिहितो तो गिऱ्हाइकासाठी, कुणी विकावा म्हणून नव्हे.

म्हणून यादी घ्यायचीच असेल तर दोनच प्रश्न विचारा. शेवटची कधी तपासली? आणि कुणी "माझं नाव काढा" म्हटलं तर काढता का? उत्तर मिळालं नाही, तर ती यादी फुकटातही महाग.

तुम्हाला काय वाटतं?