‘ग्रेड ३’ म्हणजे तिसरी अवस्था नव्हे

येरवड्याहून एका वाचकांचे पत्र आले आहे. पत्नीच्या बायोप्सीच्या अहवालात गर्भाशयमुखाच्या कर्करोगापुढे ‘ग्रेड ३’ असे लिहिलेले पाहून घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही. रोग तिसऱ्या अवस्थेत गेला, असा अर्थ सर्वांनी घेतला आहे. हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे, की उत्तर येथेच देतो.

ग्रेड म्हणजे प्रत. सूक्ष्मदर्शकाखाली कर्कपेशी मूळच्या निरोगी पेशींपासून किती दुरावलेल्या दिसतात, एवढेच ती सांगते. रोग शरीरात कोठवर पसरला आहे, हे सांगते ती स्टेज, म्हणजे अवस्था. ती शारीरिक तपासणी आणि एमआरआय, पेट स्कॅन यांवरून ठरते. स्तनाच्या कर्करोगात प्रतीला मोठे वजन आहे. गर्भाशयमुखाच्या नेहमी आढळणाऱ्या, स्क्वॅमस पेशींच्या कर्करोगात मात्र तिच्यावरून पुढचे भाकीत करणे भरवशाचे ठरलेले नाही. ‘फिगो’ या जागतिक स्त्रीरोगतज्ज्ञ महासंघाच्या २०१८ च्या अवस्था-वर्गीकरणात तिला स्थानच नाही. तेथे पाहतात ते गाठीचे आकारमान, आसपासच्या ऊतींतील शिरकाव आणि लसिकाग्रंथी. ओटीपोटातील ग्रंथींत रोग आढळला, तर लहान गाठही तिसऱ्या अवस्थेत मोडते.

अवस्थेचे मोल बार्शीने दाखवले आहे. तेथील नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयातून १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव फिरले. संबंधानंतरचा किंवा पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव अंगावर काढू नका, असे बायकांना सांगत राहिले. काही वर्षांतच लवकरच्या अवस्थेत येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. यासाठी कोणतेही नवे औषध लागले नव्हते.

तेव्हा पत्रलेखकांनी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: अवस्था कोणती, गाठ किती सेंटिमीटरची, ग्रंथींत काही आहे का. किरणोपचार व केमोथेरपी ठरली, तर आतून द्यावयाच्या किरणांसह (ब्रेकीथेरपी) सारे उपचार आठ आठवड्यांत पुरे व्हावेत, असा प्रयत्न असतो. मध्ये खंड पडला की यशाची शक्यता घटते. घरातले लग्नकार्य आणि गावची जत्रा यांसाठी ‘एक आठवडा सुट्टी’ मागणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. ती मागू नये.