आपल्या बाजूचं खोटंही खोटंच असतं

काही महिन्यांपूर्वी आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पाच-सहा जण एका दाढीवाल्या पोराला मारताहेत. खाली लिहिलेलं, "नंदुरबार बसस्टँड, आज दुपारची घटना. सगळ्यांपर्यंत पोहोचवा." मी तीन ग्रुपवर पोहोचवला. दहा मिनिटांत माझ्या शाळेतल्या मित्राचा फोन आला. तो भिल्ल समाजाचा, स्टँडबाहेर रिक्षा लावतो. म्हणाला, "भाऊ, मी सकाळपासून आठेच शे. काहीच व्हयनं नही." मग मी व्हिडिओ नीट पाहिला. मागच्या दुकानाची पाटी बंगाली लिपीत होती.

मी तो डिलीट केला आणि गप्प बसलो. "माझी चूक झाली," एवढी एक ओळ मला लिहवली नाही. कारण मनात एक आवाज होता, "इथं झालं नसेल, पण असं होतंच ना!"

मित्रांनो, पक्षपात म्हणतात तो हाच. आणि तो फक्त समोरच्यांच्या मोबाईलमध्ये नसतो.

आपल्याविरुद्ध पसरवलेल्या खोट्याची किंमत आपण जाणतो. २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला मोहसीन शेखला मारलं गेलं. फेसबुकवरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून शहर तापलं होतं. त्या मजकुराशी मोहसीनचा काडीचा संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. २०२० मध्ये तबलिगी जमातीच्या नावानं कोरोना पसरवल्याचा गदारोळ झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं म्हटलं. पण ज्यांनी ते मेसेज फिरवले, त्यांपैकी किती जणांनी हा निकाल फिरवला?

हा प्रश्न आपण त्यांना विचारतो, आणि तो बरोबरच आहे. आता तोच आपल्याला विचारू.

१ जुलै २०१८, रविवार. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत मोबाईलवर फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत फिरणारे गरीब लोक, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले गेले. त्याच दिवशी रात्री मालेगावात, जिथं बहुसंख्य आपलेच आहेत, त्याच अफवेवरून जमाव एका लहान मुलासह पाच जणांवर धावून गेला. पोलिसांनी त्यांना वाचवलं म्हणून ते आज जिवंत आहेत. म्हणजे अफवेला बळी पडण्यात आपण कुणाहून वेगळे नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. पण ती मर्यादा बोटाला असते, मनाला नसते.

एक कबुली आणखी देतो. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथं दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या हातून मारले गेले. तिथंही चोर आल्याची अफवाच होती. लगेच त्याला हिंदू-मुस्लिम रंग देण्यात आला. मग गृहमंत्र्यांनी १०१ अटक आरोपींची यादी जाहीर केली, त्यात एकही मुसलमान नव्हता. मी ती यादी दिवसभर फॉरवर्ड केली. मारल्या गेलेल्या त्या तिघांसाठी मात्र एक शब्द लिहिला नाही. यादी खरी होती. तरीही मला फक्त माझ्या बाजूचं खरं हवं होतं.

कुणी म्हणेल, "त्यांच्याकडे आयटी सेल आहेत, चॅनल आहेत. आपण तर फक्त बचाव करतो. दोघांना एकाच तराजूत का तोलता?" मी दोघांना सारखं म्हणत नाही. त्यांची ताकद मोठी आहे, आणि आपली चूक आपल्याला महाग पडते. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, दुकानं फुटली. ती दुकानं स्टेटस ठेवणाऱ्यांची नव्हती. म्हणूनच सांगतो, खोट्या व्हिडिओनं बचाव होत नाही. उद्या स्टँडवर खरंच कुणाला मारलं आणि मी व्हिडिओ टाकला, तर माझा तो रिक्षावाला मित्र तरी विश्वास का ठेवेल? आपली सगळ्यात मोठी पुंजी म्हणजे आपल्या शब्दाला असलेलं वजन. ते आपणच उधळतोय.

आणि फायद्याचं सोडून द्या. बातमी आली तर आधी खातरजमा करा, हा सूरह हुजुरातमधला हुकूम आपल्याला आहे. नाहीतर अजाणतेपणी कुणाचं तरी नुकसान करून बसाल, असं कारणही तिथंच दिलंय. "बातमी आपल्या बाजूची असेल तर सूट," असं त्यात कुठंही नाही.

घरातली मोठी माणसं म्हणतात, "बेटा, मोबाईलवर काही लिहूच नकोस." मला ते पटत नाही. अन्यायावर बोलायचंच, नावानिशी बोलायचं. फक्त गाव, तारीख आणि पाहणारा माणूस माहीत असल्याशिवाय काही पुढे पाठवायचं नाही. चुकलो तर ज्या ग्रुपवर चुकलो, त्याच ग्रुपवर तसं लिहायचं. ॲडमिन असाल तर आपल्या बाजूचं खोटंही तितक्याच कडकपणे काढायचं, टाकणारा चुलतभाऊ असला तरी.

हा लेख पाठवण्याआधी मी त्या तिन्ही ग्रुपवर लिहिलं, "तो व्हिडिओ नंदुरबारचा नव्हता. मी न तपासता टाकला. माफ करा." दोन जण ग्रुप सोडून गेले. एकानं विचारलं, "भाई, तू कुणाच्या बाजूचा?"

त्याला उत्तर म्हणून मी हा लेख पाठवणार आहे.